हात मोकळे ठेवून

एर्मितास पहिल्याच दिवशी म्हणाली होती,
बांधणं सोपं गं साबेला, कुणालाही जमतं.
बांधून कामाचं ठेवणं,
ते शिकायला मला अकरा वर्षं लागली
आणि एक लग्न.

खिडकीबाहेर आरोसाची खाडी.
निलगिरीच्या वाशांचे तराफे,
त्यांच्याखाली लोंबणारे दोर,
आणि दोरांना काळे शिणाणे,
आपल्याच धाग्यांनी आपल्याला जखडून
दिवसरात्र पाणी गाळत बसलेले.
पाण्यात असेल ते त्यांच्यात.
सप्टेंबरात पाण्यात कधी विष असतं,
न दिसणारं,
कितीही उकळलं तरी न जाणारं.

खिडकीच्या आत मी.
बोटाएवढी नळी, नळीत साबुदाण्याहून बारीक मणी,
मण्यांवर मी बसवलेल्या अँटीबॉडीज.
एकेकीला एक पाय, दोन हात.
पाय मण्यात रोवायचा,
हात तेवढे मोकळे ठेवायचे
म्हणजे शिणाण्याच्या रसातून जाताजाता
त्या विष तेवढं पकडतात,
बाकी सगळ्याला वाट देतात.

पण मला भीती सुटण्याची.
धुताना वाहून गेल्या तर?
म्हणून ग्लुटारल्डिहाइड जरा जास्तच घातलं,
दोन तासांऐवजी रात्रभर ठेवलं,
जसं आई मला बोटीवर
कमरेला दोर बांधून, वर पुन्हा गाठ मारून
वर पुन्हा हाताने धरून ठेवायची.

सकाळी सातशे बारा नंबरचा नमुना.
आमच्या बाबांचा तराफा.
थेंब, थेंब, सेकंदाला एक.
धुतलं. मिथेनॉल सोडलं. यंत्राला दिलं.
पडद्यावर सपाट रेघ,
भरतीनंतरच्या वाळूसारखी.
मी फोन उचललासुद्धा.

एर्मितास चष्मा पुसत होती.
"आणि ती दुसरी बाटली?"

दुसरी बाटली म्हणजे जिच्यात आम्हीच
मोजून विष घातलेलं असतं.
ती चालवली.
तीही धुतल्या तांदळासारखी निघाली.

कितीतरी वेळ कोणी बोललं नाही.
फ्रिज घुरघुरत होता.
मग कळलं, माझ्या त्या बायांचे
पायच नाही, हात, तोंड, सगळंच
मण्याला चिकटून गेलं होतं.
समोरून विष गेलं असेल आणि त्या
दारात उभ्या केलेल्या ओंडक्यासारख्या
नुसत्या उभ्या.

नवे मणी घेतले. दोन तास, घड्याळ लावून.
नववं मिनिट कोरडं गेलं,
दहाव्याला सुळका उभा राहिला,
बाबांच्या तराफ्याचा,
मर्यादेच्या तिप्पट उंच.

फोनवर ते म्हणाले, "बंद?"
"बंद."
"बरं." मग थोड्या वेळाने,
"सूप प्यायलीस का काही?"

रविवारी आम्ही तराफ्यावर गेलो.
त्यांनी हातभर दोर वर ओढला,
एक शिणाणा माझ्या अंगठ्याने दाबून बघायला लावला.
"उपटू नकोस. राहू दे.
चांगलं पाणी आलं की आपणच सोडतात
पोटात धरलेलं."
मी म्हटलं, आम्हाला त्यासाठी मिथेनॉल लागतं.
ते हसले नाहीत.
त्यांना दोराची गाठ दुसरीकडे घ्यायची होती.

बावीस दिवसांनी रेघ खरी सपाट झाली.
दुसरी बाटलीही चालवली, आधी ती.
तिच्यात सुळका होता, हवा तसा.

चांगली नळी बफरमध्ये ओली, चार अंशांवर,
तारीख घालून ठेवली आहे. अजून पाच-सहा वेळा चालेल.
ती बहिरी नळी मात्र मी टाकली नाही.
ड्रॉवरमध्ये आहे, कात्रीशेजारी.
परवा नवा मुलगा ब्राइस विचारत होता,
ही रिकामी आहे का, वापरू का.
म्हटलं, रिकामी नाही.
गच्च भरलेली आहे.