छाट

काडेपेटीची डबी. वर मोडक्या अक्षरात
तिनंच लिहिलंय: येमूल भूलक्ष्मी, पाचवा महिना.
मी नाक वळवून उघडते.
अकरा वर्षांत सवय होते म्हणतात, तसं काही नसतं.

काचपट्टीवर सलाईनचा थेंब,
वर पातळ काच. दहाचं भिंग, मग चाळीसचं.
आणि ते येतं समोर,
लंबगोल, झिरझिरीत कवचाचं,
आत चार पेशी एकमेकींना टेकून.
सुंदर म्हणू नये.
पण गर्भही एके दिवशी एवढाच असतो,
चार पेशींचा,
आणि पुढं त्यालाही रक्तच लागतं.

बाहेर बाकावर ती बसलीय, विडी घरकुलातून आलेली.
मांडीवर सूप नाही,
तरी अंगठा तर्जनीवर वळतोच आहे.
खालची पापणी ओढली तर
शंभरदा धुतलेल्या टॉवेलासारखी.
हिमोग्लोबिन सहा पूर्णांक आठ.
"माती खातेस?"
हसली. "माती नाय ओ अक्का, पाटीची पेन्सिल. पोराची. ते बी भाजून."

पाणी पाचव्या दिवशी येतं त्यांच्याकडे.
नळ संडासामागच्या चिखलात.
ती अनवाणी उभी, घागरी मोजत,
आणि बोटांच्या बेचक्यातून
केसाहून बारीक काहीतरी आत शिरतं,
रक्तातून फुप्फुसात, घशात, आतड्यात,
तिथं आकडा रुतवून राहतं.
खाज आठवते तिला. "उनाची असंल वाटलं."

दिवसाला हजार विड्या.
ठेकेदार त्यातल्या शंभर-सव्वाशे छाट म्हणून काढतो,
मजुरी नाही, पान-तंबाखू हिच्याच खात्यावर.
हा हिशेब तिला पाठ, म्हणून मी
रिपोर्ट त्याच भाषेत सांगितला:
तुझ्या पोटातही एक ठेकेदार बसलाय,
तू वळतेस ते रक्त रोज थोडं काढून घेतो.

बराच वेळ गप्प. मग,
"म्हंजे लेकरू छाट निघतंय काय?"

डॉक्टरांनी गोळी लिहिली. पहिल्या तीन महिन्यांत देत नाहीत,
आता चालते. चावून खा.
लोहाच्या गोळ्या चहाबरोबर नकोत.
चपला घाल, म्हणाले मी,
आणि उगाच माझे पाय बाकाखाली ओढून घेतले.

चार महिन्यांनी दारात उभी.
मुलगी. दोन किलो शंभर.
टॉवेलात गुंडाळलेली.
तिच्या पायात निळी रबरी चप्पल,
एक पट्टा सेफ्टीपिनेवर.
मी विचारायच्या आत म्हणाली,
"बारीक हाय.
पन गच्च वळलीय बगा."