उधारीचा सूर्यनमस्कार

नोव्हेंबरच्या तेविसाव्या तारखेला सूर्य गेला.
आता येईल तो जानेवारी सरता सरता,
डोंगराच्या खांद्यावरून, चोरासारखा,
पाचच मिनिटं.
आणि इथे अग्निशमन केंद्राच्या माडीवर
इंग्विल म्हणते, चला, सूर्यनमस्कार.

कुठल्या दिशेला? आइलिफ विचारतो.
खेकडे धरणारा माणूस,
दिशा कळल्याशिवाय हात जुळत नाहीत त्याचे.
मग वाद.
कुणी म्हणतं मासळी कारखान्याच्या मागे,
कुणी म्हणतं चर्च आणि डिझेलची टाकी यांच्या मधोमध.
मेरेटे म्हणते, या दिवसांत तो सगळा वेळ
खालीच असतो, पायांखाली.
शेवटी खिडकी ठरते.
खिडकीत काळोख, आणि काळोखात आम्हीच,
लोकरी मोज्यांतली नऊ माणसं.
घ्या, उधारीवर नमस्कार.
आल्यावर वळते करून घेईल.

मी गुनवोर.
एकतीस वर्षं पट्ट्यासमोर उभं राहून कॉड कापला.
या अंगाला उभं राहणं येतं,
आणि सुरी पडली तर वाकणं.
चटई शाळेची, कोपऱ्यात खडूनं ७ ब,
नाक टेकवलं की चेंडूच्या रबराचा वास.
इंग्विल म्हणाली, अंगठ्याला हात लावा.
अंगठा दिसला.
बऱ्याच वर्षांनी दिसला, जरा म्हातारा झालाय.
लांबून रामराम झाला,
भेट राहिली.

मग डोळे मिटायचे.
श्वास मोजा, दहापर्यंत. चुकलात तर पुन्हा एक.
रागावू नका स्वतःवर.
एक.
दोन. फ्रीझरचं झाकण लावलं ना मी?
तीन. होवारचा फोन नाही, दोन रविवार झाले.
त्रोम्सोला माणसं इतकी गुंतलेली असतात का?
मी करू?
मीच का करू?
सतरा.
सतरा कुठून आला?
एक.

कारखान्यात माझा आकडा कधी मागे फिरला नव्हता.
चुकलं की पगारातून जायचं,
मुकादम घड्याळाकडे बघायचा, माझ्याकडे नाही.
इथे मात्र सगळी संध्याकाळ
एकच्या उंबरठ्यावर उभी मी,
आत गेले की बाहेर,
आणि ही पोरगी म्हणते, रागावू नका.
मला रागच आला त्याचा.

शेवटी आडवं व्हायचं.
या आसनाला प्रेताचं नाव आहे,
इंग्विल हे जरा खालच्या आवाजात सांगते,
गेल्या वर्षीच दक्षिणेकडून आली असली तरी
बंदरावरच्या दगडातली नावं वाचलीत तिनं.
कोणाकोणाचं काहीच सापडलं नव्हतं,
हेही कळलं असेल.
कुणी काही बोललं नाही.
मेरेटेनं मोजा वर ओढला.
झालो आडवे.

आणि आइलिफ घोरायला लागला.
आधी थंडीत इंजिन धरतं न धरतं तसं,
दोनदा खोकून, मग लागलंच.
कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलं.
मी एक डोळा उघडला.
इंग्विलच्या हातात पितळेची घंटा,
आणि ती आमच्याकडे बघत, वाजवू का?

मेरेटेनं पडल्या पडल्या मान हलवली, नको.
त्याच्या बायकोनं दुकानात सांगितलं होतं,
ऑक्टोबरपासून रात्रभर खुर्चीत बसतो,
दिवा न लावता.
घंटा मांडीवर गेली.
सात वाजले, सव्वासात झाले,
खाली कुणाची तरी गाडी चालू राहिली नि बंद झाली.
कुणी उठलं नाही.

मला करायला काही नव्हतं,
म्हणून त्याचं घोरणं मोजलं.
एक.
दोन. मध्ये एवढी शांतता की वाटलं, थांबला.
तीन.
फ्रीझर आठवला नाही. होवार आठवला,
पण लहानपणचा, तापातून उतरलेला,
असंच मोजत बसले होते त्याच्या उशाशी.
आठ. नऊ.
दहा.

दुसऱ्याच्या श्वासावर चालत असेल का, विचारलं नाही.

मग आवाज तुटला. चटई कुरकुरली.
आइलिफनं डोळे न उघडता विचारलं,
उगवला का?
नाही, मेरेटे म्हणाली,
पडून राहा.