ही बाजू वर

मर्डिना म्हणाली, खरं तेच लिही,
फक्त त्यांच्या भाषेत लिही.
मग मी ‘भंगार’ खोडून ‘संसाधन’ केलं,
‘शेड’ खोडून ‘सामुदायिक केंद्र’.
छत दोन्ही शब्दांखाली सारखंच गळत होतं.

लाभार्थी किती? हजारांत लिहा.
बेटावर माणसं एकशे एकेचाळीस.
शून्य पूर्णांक एक चार एक, असं लिहिलं
आणि फिनले हसता हसता खुर्चीवरून घसरला.
खुर्चीही दुरुस्तीलाच आलेली.

कचरा किती किलोंनी घटेल?
आमच्याकडे काटा एकच, मेंढ्या तोलायचा.
शनिवारी त्या पिंजऱ्यात बाटल्यांची पोती लावली.
एक मेंढी सवयीनं येऊन मागे उभी राहिली,
आपला नंबर कधी लागतो बघत.
तीनशे बारा किलो काच, बहुतेक व्हिस्कीची.
एका पोत्यावर नाव नव्हतं.
सगळ्यांनी ओळखलं, कुणी बोललं नाही,
रविवारी प्रवचन मात्र जरा आवरतं झालं.

बोट येताना भरून येते,
जाताना आमचं काही नेत नाही.
वारा असला तर येतही नाही.
म्हणून इथे काही फेकणं म्हणजे
घराच्या मागच्या बाजूला ठेवणं.

पेगी नवऱ्याचा रेडिओ घेऊन आली.
एफीनं मागचं झाकण उघडलं, तारा चाचपल्या,
म्हणाली, बोलेल हा, दोन दिवस दे.
पेगी म्हणाली, बोलायला नको गं.
आकड्यांमागचा तो पिवळा दिवा तेवढा लागू दे.
वजन दोन किलो चारशे.
दुरुस्त झाला का? हो किंवा नाही.
मी पेन्सिलीनं ‘हो’ केलं,
रबर जवळ ठेवलं.

सातव्या रकान्याशी रात्रीचे अकरा वाजले.
निधी संपल्यावर प्रकल्प कसा तगेल?
मर्डिना म्हणाली, निधी नव्हता तेव्हा कसा तगला
ते कुठल्या रकान्यात लिहायचं, विचार त्यांना.
आम्ही लिहिलं, ‘स्थानिक भागीदारीच्या बळावर’.
एफी तोपर्यंत बादली बदलून आली.

मार्चमध्ये पत्र आलं.
काच दळायच्या यंत्राला मंजुरी.
छताला नाही. एफीच्या पगाराला नाही,
पगार म्हणजे त्यांच्या लेखी आवर्ती खर्च,
आणि एफी तर रोजच येते.

यंत्र आलं तेव्हा समुद्र शांत होता.
चौघांनी धक्क्यावर उतरवलं, उघडलं, उघडतच राहिलो :
फळ्या, थर्माकोल, प्लास्टिक, पट्ट्या,
पुन्हा प्लास्टिक, आणि आत कुठेतरी यंत्र.
सगळं वेष्टन मेंढ्यांच्या काट्यावर चढवलं.
सेहेचाळीस किलो.
प्रकल्पाच्या वहीतली पहिली नोंद.

थर्माकोल अजून पडून आहे, त्याचं काय करायचं
कुणालाच माहीत नाही.
फळ्या मात्र चांगल्या होत्या.
एफीनं त्या छताला ठोकल्या, बादलीच्या बरोबर वर.
पाऊस लागला की मान आपोआप वर जाते,
एका फळीवर बाण आहे आणि ठळक अक्षरं,
‘ही बाजू वर’,
उलटी.