पट्टा काढल्याचं कारण

आगपेटीएवढं यंत्र, तांबडा इलॅस्टिकचा पट्टा,
उजव्या कमरेवर, हाडाच्या उंचवट्याला टेकवून.
सात दिवस. झोपताना काढायचा. आंघोळीला काढायचा.
भिजवायचा नाही.
दिघ्याच्या शाळेत, आठवीच्या वर्गात
हे मी एकोणचाळीस वेळा सांगितलं,
एकोणचाळीस कमरांना, त्यातल्या बऱ्याच
माझ्या दंडाहून फार मोठ्या नव्हत्या.

सोबत एक कागद, तीन रकाने:
काढल्याची वेळ. घातल्याची वेळ. कारण.

यंत्र सगळं मोजतं, असं ऑफिसात म्हणतात.
मी आठवड्यानंतर आधी कागद वाचते.

‘झोपलो.’ ‘झोपलो.’ ‘बॉलिंग टाकताना टोचतं.’
‘पप्पा बोलले काढ ते.’
‘ड्रेसमधून दिसतं’ – हे बारा मुलींनी,
बारा अक्षरांत.
सुमेध गायसमुद्रेच्या आलेखात मात्र
रात्री दोनला उड्या, तीनला उड्या,
चारपर्यंत दम नाही.
दोनदा विचारल्यावर कबूल झाला, बोकडाला बांधला होता.
बोकडाची प्रकृती उत्तम आहे.

ऐरोलीच्या शाळेतल्या निहार करंदीकरचा आलेख म्हणजे
सहा ते सात फुटबॉलच्या क्लासचा एक टॉवर
आणि दोन्ही बाजूंना
मोकळा प्लॉट.

रेणुका धोत्रेचा कागद असा:
४.४० ते ६.१५. पाणी. भिजेल म्हणून.
४.४० ते ६.१०. पाणी. भिजेल म्हणून.
४.३५ ते ६.३०. पाणी. नळ उशिरा.
७ ते ८.१५ संध्याकाळ. परत पाणी.
रविवारी नुसतं, ‘पाणी, आणि गोधड्या.’

दाब, दाब, दाब, सोड.
मुठीच्या यंत्राचा काटा एकतिसावर.
मुलींमध्ये तिथवर कोणी पोचलं नव्हतं.
मी यंत्र हलवलं, शून्यावर आणलं, परत दिलं.
एकतीस. डाव्या हातानं तीस.
ती घाबरून म्हणाली, ‘बिघडलं का ओ ताई?’

मग टाचेला गार जेल.
‘ह्यात काय दिसतं?’
दिसत नाही, म्हटलं, आवाज जातो हाडातून,
भरीव किती ते कळतं.
‘माझा बाप असाच ऐकायचा,’ ती म्हणाली,
‘खाणीत. हातोडी टेकवायची हलकी.
आतनं चीर असली की दगड बद्द बोलतो.
आता खाण बंद हाय,
पण कुठं बी फरशी दिसली की वाजवून बघतो,
दवाखान्यात पण.’
पडद्यावर आकडा आला. ‘खणखणीत,’ मी म्हटलं.
फॉर्मवर अर्थात आकडाच लिहिला.

वाशीला संगणकानं हिशोब केला.
यंत्र अंगावर नसेल तो वेळ वगळायचा,
उरलेल्यात ती बाकावर बसलेली,
नाहीतर दारात, अभ्यास मांडीवर.
निकाल: हालचाल अपुरी.
‘पण सर, कागदावर…’
देवधर सर वाईट माणूस नाहीत. चष्मा पुसत म्हणाले,
कारणांना आपल्याकडे कोड एकच,
नऊ. इतर.
मी नऊ टाकला.
पाच दिवसांचे नऊ, एकाखाली एक.

पट्टा परत घ्यायला शनिवारी
ईश्वरनगरच्या चढावर गेले.
ती नळावरून निघतच होती, दोन हातांत
तेलाचे पंधरा-पंधरा लिटरचे डबे.
एक दे, म्हटलं. दिला.
पायऱ्या एकशे बारा आहेत, हे तिनं नंतर सांगितलं.
तिसाव्या पायरीला मी हात बदलला.
बेचाळिसाव्याला डबा टेकवला,
बोटांवर कडीचा पांढरा वळ.
ती काही बोलली नाही,
फक्त दोन पायऱ्या उतरून खाली आली.

वर पोचलो तेव्हा माझ्या मनगटावरचं घड्याळ
थरथरलं, हिरवं झालं:
शाब्बास! आजचं उद्दिष्ट पूर्ण.

डबा तोवर तिच्या हातात गेला होता.