पत्त्यांची वही

भाचा म्हणतो, मावशी, अख्खा पत्ता कोण टाइप करतं आता?
नुसतं नाव टाका, खाली येतं सगळं.
मी हसते. सत्तावीस वर्षं
दांडिया बाजारात जिन्याखालच्या खोलीत
पोरांच्या हातांवर रुमाल टाकून शिकवलंय :
कळांकडे बघायचं नाही.
बोटाला वाट ठाऊक हवी.

म्हणून टेलिफोनच्या जुन्या डायरीत
माझी जाण्यायेण्याची ठिकाणं शाईने लिहिलेली आहेत.
टिंबं जरा ठळक. टिंब चुकलं
की माणूस भलत्याच घरात शिरतो
आणि तिथे त्याला कर्ज, नाहीतर नवरा दाखवतात.

'अ'च्या पानावर आजवा.
पावसाळ्यात चहाआधी तलावाची पातळी.
आकडा वर सरकला की कठड्यावरून ओरडते,
दमयंतीबेन, गाद्या माळ्यावर टाका!
ती विचारते, कोणे कह्युं?
विश्वामित्रीने, म्हणते मी.
त्याच पानावर अच्युत बेहेरे, पाच आकडी नंबर.
तो आता कुठेच लागणार नाही.
खोडलेला नाही.

'क', करकोचे.
कुठल्याशा थंड देशात खांबावर घरटं, समोर कॅमेरा.
आमची जेवणं आटपतात तेव्हा त्यांचं उजाडतं.
यंदा चार पिल्लं होती. सगळ्यात मरतुकडं
आईनेच चोचीत धरलं आणि खाली टाकलं.
दोन दिवस मी तिकडे फिरकले नाही.
तिसऱ्या दिवशी बोटं आपणहून गेली.

'ग', गाडी.
सुरतेहून संध्याकाळी येणारी, ह्यांची.
आता तिच्यात माझं कोणी नसतं.
तरी ती मियागाम-करजणला अडकलेली दिसली
की मी गॅस बारीक करते.

'व', विणकाम.
त्या बाईची भाषा मला येत नव्हती,
तिचा चेहराही कधी दिसला नाही. फक्त हात,
डाव्या अंगठ्यावर भाजल्याचा डाग,
आणि क्रोशाची सुई अशी धरलेली
की मला वाटे हिला माझ्याकडे शिकायला पाठवावं, चाळीसचा स्पीड सहज येईल.
तिच्याकडून मी अकरा रुमाल, एक टोपडं घेतलं.
होळीनंतर एकदा गेले तर :
हे पान सापडत नाही.
पुन्हा टाइप केलं, सावकाश, परीक्षेसारखं.
चूक माझी नव्हती.
तीही खोडलेली नाही. बेहेऱ्यांसारखीच.

आणि 'र', रिबन.
काळी-लाल, तेरा मिलिमीटर.
खरेदीच्या टोपलीत दोन वर्षं पडून होती.
मशीन खोळीत, रिबन टोपलीत,
भाव वर जायचा, खाली यायचा, मी नुसती बघायची,
मंगळबाजारात साड्या उलगडायला लावून
उठून यावं तसं.
गेल्या महिन्यात घेऊन टाकली.

पाच दिवस पार्सल हिंडलं.
भिवंडी म्हणे, मग अमदावाद,
मग 'आपल्या शहरात पोचले', मग परत भिवंडी.
शेवटी आलं तेव्हा पाठवणाऱ्याचा पत्ता वाचला :
रावपुरा, टॉवरच्या मागे, हेमल पंचाल.

हेमल! चौऱ्याण्णवची बॅच.
दोनदा नापास. मान सतत खाली.

चालत गेले. अकरा मिनिटं,
त्यात मध्ये ओळखीचं कुत्रं भेटलं.
झेरॉक्सच्या मशीनमागून तो उभाच राहिला,
टक्कल पडलेला, पण उभा तसाच, वर्गात राहायचा तसा.
बेन, एक फोन करायचा ना, घरी दिली असती!
म्हटलं, तुझा पत्ता नव्हता रे माझ्याकडे.

त्याने चहा मागवला. नको म्हणत असताना
जुन्या ऑर्डरचं बिल काढून द्यायला बसला,
दोन बोटांनी, कळ शोधत, कळ शोधत.
माझा हात पर्समधल्या रुमालापर्यंत गेला होता.
मग राहू दिलं.
त्याचं दुकान आहे, समोर गिऱ्हाईक उभं होतं.

घरी येऊन 'ह'चं पान उघडलं.
आधीच तिथे होता तो,
पेन्सिलीने, पुसट : फी बाकी, वीस रुपये.