न लागलेला दिवा

रात्री पावणेदोनला पारोळ्याच्या बायपासवर इंडिका आली,
हेडलाइट इतके पिवळे की समोरचा खड्डासुद्धा दिसू नये.
हिलाल बोरसे उतरले, बॉनेटवर हात ठेवला,
ताप बघतात तसा.
"भाऊ, बॅटरी नवीच शे. दोन महिना व्हयनात."

नवीच असते.
माझ्या बाकावर बसून आजवर कुणी
बॅटरी जुनी आहे म्हणालेलं नाही.

फागण्याला त्यांनी एसी बंद केला होता,
मुकटीला टेप,
मग हेडलाइटच,
आणि पुढचा सगळा रस्ता
रावेरकडे रिकाम्या परतणाऱ्या केळीच्या ट्रकचे
मागचे दोन लाल ठिपके धरून.
ट्रक ढाब्यावर वळला, हेही वळले.
ट्रकवाल्याचा चहा संपेपर्यंत अंधारात उभे,
इंजिन चालूच ठेवून. एवढं त्यांना कळत होतं.
मागे मालेगावच्या साड्यांच्या गठ्ठ्याला टेकून मावशी:
"मी तवळच सांगं व्हतं."
काय सांगितलं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

मीटर लावलं. इंजिन चालू, अकरा पॉइंट सहा.
रेस दिली. अकरा पॉइंट सहा.
आकडा चौदाच्या वर जायला हवा होता,
हा जागचा हलेना.

रमजान उस्ताद असते तर चालू गाडीचा टर्मिनल काढला असता,
बंद पडली तर डायनॅमो गेला, संपला विषय.
एकदा त्यांनी अमळनेरच्या डॉक्टरांच्या नव्या गाडीचा काढला.
आतला कॉम्प्युटर जळाला, साडेसहा हजार,
हप्त्यानं फेडले.
शेवटचा हप्ता देऊन आले त्या दिवशी
हे मीटर माझ्यापुढे ठेवलं, आणि एकही शब्द बोलले नाहीत.

बेल्ट दाबला. ताण बरोबर.
जाड वायर हलवली. घट्ट.
अर्थिंगचा नट पुसून पाहिला, गंज नाही.
इंजिन बंद करून किल्ली पुन्हा फिरवली:
ऑइलचा दिवा लागला,
हँडब्रेकचा लागला,
बॅटरीचा नाही.

"हा कधीपासून लागत नाही?"
"लागत नही म्हनजे बठ्ठं चांगलंच शे ना?"

आता त्यांना काय सांगू.
तो आधी लागायचा असतो,
गाडी सुरू झाली की विझायचा.
लागून विझला तर ठीक.
पेटून राहिला तर माणूस धावत येतो.
आणि मुळात लागलाच नाही,
तर त्याची तक्रार घेऊन येतं कोण?

स्क्रूड्रायव्हरचं टोक मागच्या बेअरिंगला लावलं.
आत जीव असला तर लोखंड ओढून घेतो,
हाताला हलकासा हिसका बसतो.
नाही बसला.
टोक तिथे नुसतं टेकलं होतं,
भिंतीला टेकावं तसं.

डायनॅमो उतरवायला वीस मिनिटं,
उकाड्यानं पान्हा हातातून सटकत होता.
एप्रिलची रात्र, पत्रा अजून गरम.
बॅटऱ्या थंडीत मरतात म्हणे.
आमच्याकडे त्यांना ऊन मारतं,
आणि कधी कधी काही न होता
नुसता आळ येतो.

ब्रश निघाले.
एक अर्धा बोटभर,
दुसरा हरभऱ्याच्या डाळीएवढा.
इतकाच कोळसा झिजला होता.
त्यावर दोन महिन्यांपूर्वी
कुणीतरी साडेचार हजारांची बॅटरी विकली.

भंगारातल्या पिकअपचे ब्रश घासून बसवले,
स्प्रिंग ताणून पाहिली.
किल्ली फिरवली. लाल दिवा लागला,
आणि हिलालभाऊ दचकले.
"आते हाई काय व्हयनं?"

थांबा म्हटलं. माझी बॅटरी जोडून सेल मारला,
दिवा विझला.
मीटरवर चौदा पॉइंट एक.

"कितला व्हयनात?"
तीनशे ऐंशी सांगितले.
मावशी काच खाली करून म्हणाली, साडेतीनशे.
साडेतीनशेच दिले.

गाडी एरंडोलकडे गेली, उजेड बराच पुढे टाकत.
डाळीएवढा तुकडा मी
बिस्किटाच्या डब्यात ठेवला, बाकीच्यांत.
मग उगीचच माझ्या मोटरसायकलला किल्ली लावली,
न्यूट्रलचा हिरवा दिवा लागतो का ते पाहायला.