बारा एमएमचा शाफ्ट

चाक हलत होतं.
फार नाही, म्हाताऱ्या माणसाच्या मानेइतकं,
कुणी अजून काही विचारलं नसताना
नको नको म्हणणारं.
वर्कशॉपच्या फरशीवर खडूची सरळ रेघ
आणि आमचा रोबो दर खेपेला
डावीकडे, बेसिनच्या दिशेनं,
तहान लागल्यासारखा.

ओजस म्हणाला, मोटर. मी म्हटलं, कोड.
रात्री दोनला त्याला उताणा केला,
चाक बोटानं फिरवलं, तेव्हा दिसलं:
शाफ्ट वाकलाय.
एकाच प्लेटीतून बाहेर आलेला, खुंटीसारखा,
आणि खुंटीला टांगलेलं सगळं,
अठरा किलो, बॅटरी धरून.

बेअरिंगं दोन होती हो.
पण शेजारीशेजारी, खेटून,
वर्गात एका बाकावर बसणाऱ्या
आणि एकच उत्तर लिहिणाऱ्या मुलींसारखी.

सकाळी बसनं भोसरी.
मांडीवर शाफ्ट, पेपरात गुंडाळलेला.
कंडक्टरनं विचारलं, बासरी का?
मी हो म्हटलं.

वजनकाट्यामागच्या शेडमध्ये
शिकलगार चाचांनी तो काचेवर लोळवला.
टक. टक. टक.
दुसऱ्यांदा लोळवला नाही.
"दुसरं टोक कुणी धरायचं, पोरी?"

माझ्या वहीत याचं सूत्र होतं.
वजन गुणिले लांबीचा घन.
आठ मार्कांना आलं होतं,
आठही मिळाले होते.

मग तीन लावते बेअरिंगं, मी म्हटलं. चार लावते.
चाचा हसले नाहीत.
"दोन ठिकाणी धरलं की रेघ ठरली.
तिसरा केसभर जरी सरकला
तर तो आधार नाही राहत,
अडकाठी होते."

आणि भोकं वेगवेगळी पाडायची नाहीत.
दोन्ही प्लेटा एकमेकींवर ठेवून
शिकंज्यात आवळायच्या,
एका दमात आरपार.
त्यांच्याच मशिनवर पाडली.
ॲल्युमिनियमच्या कुरळ्या सालपटी
माझ्या बुटांवर, वेणीत, डब्यात.

पैसे विचारले तर म्हणाले,
हा वाकडा ठेवून जा.
कोंबड्यांना बसायला दांडी करतो,
खुराड्यात दोन्हीकडून टेकेल.

शिकंजा सोडला.
प्लेटा वेगळ्या झाल्या.
आता एक चाकाच्या आत, एक बाहेर,
मधे नऊ सेंटिमीटर,
कधी टेकत नाहीत एकमेकींना.
तरी नवा शाफ्ट एकीतून सरकवला
की दुसरीत आपोआप उतरतो,
हातोडी नाही,
नुसत्या अंगठ्यानं.

त्या रात्री आईचा फोन आला, नगरहून.
थोड्या वेळानं बाबांचा, वाकडहून.
जेवलीस का? दोघांनी विचारलं.
"वा"वर तोच जरासा हेल.
मी दोघांना एकच खोटं सांगितलं
आणि सर्क्लिप बसवली.

रोबो आता सरळ जातो.
म्हणजे जवळजवळ.
रेघेच्या शेवटी अजून बोटभर डावीकडे.
ओजस म्हणतो, कोड असेल.
मी ओंजळभर पाणी सांडून बघितलं,
तेही बेसिनकडेच गेलं.